खिशावरचा बिल्ला

काल रात्री लेकीच्या शाळेच्या स्कर्टची दुमड उसवत बसले होते. शिवतानाच चार बोटं जास्तीची दुमड घालून घेतली होती, म्हणजे दोन वर्षं तरी निघतील. दुमड सुटली, उंचीही बरोबर आली, पण जिथे घडी होती तिथे गडद निळी रेघ उमटली. बाहेरचं कापड उन्हानं आणि धुण्यानं विटलेलं, आतलं मात्र कोरंच्या कोरं. इस्त्री फिरवली, ओलं करून घासलं, रेघ काही जाईना. लेक शेजारी उभी होती. म्हणाली, "राहू दे गं आई, एवढं कोण बघतंय." बघतात, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

आणि आज सकाळी पालकांच्या ग्रुपवर निरोप आला. नव्या वर्षापासून चौकडी बदलली आहे, जुना गणवेश चालणार नाही, नवा ठरलेल्या दुकानातूनच घ्यावा. मी दोन्ही कापडांचे फोटो शेजारी शेजारी धरून पाहिले. निळी चौकडी तीच आहे, तिच्यात एक तांबडी रेघ वाढली आहे. त्या एका रेघेपायी दोन स्कर्ट आणि मोठ्या मुलाचे दोन शर्ट बाद झाले. ते शर्ट पुढे धाकटीला होणार होते.

खर्चाबद्दल बोललं की लगेच विचारणा होते, मग काय, गणवेश बंद करायचे का? मला गणवेश हवाच आहे. रोज सकाळी "आज काय घालू" हा प्रश्न नको असतो, आणि वर्गात कुणाचे कपडे भारी, कुणाचे साधे, हे मुलांना मोजता येऊ नये असं मलाही मनापासून वाटतं. गणवेशाचं मूळही तिथलंच आहे. लंडनमध्ये १५५२ साली अनाथ आणि गरीब मुलांसाठी 'ख्राइस्ट्स हॉस्पिटल' नावाची शाळा निघाली. त्या मुलांच्या अंगावर धड कपडे नव्हते, म्हणून शाळेनंच त्यांना कपडे दिले. तिथला लांब निळा कोट मुलं आजही घालतात, आणि शाळेच्या सर्वांत जुन्या गणवेशांत तो धरला जातो. ज्याच्याकडे कपडे नाहीत त्याला द्यायचे म्हणून जी गोष्ट सुरू झाली, तीच विकत घेणं परवडत नाही म्हणून एखादं मूल घरी बसत असेल, तर मधे कुठेतरी आपलं फार चुकलं आहे.

हिशेब नीट मांडून पाहा. गणवेश म्हणजे एक शर्ट आणि एक पँट किंवा स्कर्ट, असं बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात रोजचे दोन जोड लागतात, कारण एक धुऊन वाळेपर्यंत दुसरा अंगावर हवा. त्यावर पीटीचा वेगळा ड्रेस, तोही ज्या त्या हाउसच्या रंगाचा. मग काळे बूट, पांढरे कॅनव्हासचे बूट, दोन्हींचे मोजे वेगळे. पट्टा, टाय, स्वेटर. आणि एवढं करून मूल वाढायचं काही थांबत नाही. वयात येताना मुलं एका वर्षात आठ-नऊ सेंटिमीटर सहज उंच होतात. जूनमध्ये अंगाबरोबर बसलेली पँट दिवाळीनंतर घोट्याच्या वर जाते. म्हणून आपण वाढत्या मापाचं घेतो आणि मूल पहिले सहा महिने बाह्या दुमडून वावरतं. घरात दोन मुलं असली की हे सगळं दुप्पट, आणि वह्या-पुस्तकं, फी, बस यांच्याबरोबर त्याच महिन्यात.

तरी कापडाबद्दल माझी तक्रार नाही. कापडाला पैसे पडणार, शिलाईला पडणार, ते द्यायला कुणाची ना नसते. मला खुपतो तो खिशावरचा बिल्ला. साधा पांढरा शर्ट कुठल्याही दुकानात मिळतो, आपल्या ऐपतीप्रमाणे निवडता येतो. त्याच शर्टाच्या खिशावर शाळेचं चिन्ह विणलं की तो एकाच दुकानात मिळतो, आणि एकाच दुकानात मिळतो म्हणून दुकानदार सांगेल ती त्याची किंमत. चौकडीचंही तसंच आहे. शाळेसाठी खास विणलेली चौकडी दुसरा कुणी ठेवतच नाही, त्यामुळे शेजारच्या शिंप्याकडून शिवून घ्यायची वाटही बंद होते. मी गेल्या वर्षी बिनचिन्हाचा शर्ट घेतला आणि जुन्या शर्टाचा बिल्ला ब्लेडनं एकेक टाका कापून काढला. नव्या खिशावर बारीक टाक्यांनी लावला. घालवला त्यात अख्खा रविवार. सोमवारी लेकीच्या डायरीत शेरा आला, 'गणवेश नियमाप्रमाणे नाही.' बिल्ला बोटभर तिरका बसला होता.

तो शेरा तिनं मला दोन दिवस दाखवला नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. पैशाचा प्रश्न आमच्या दोघांचा आहे, पण त्याची शरम आठ वर्षांच्या मुलीनं दप्तरात लपवून फिरवली. प्रार्थनेच्या वेळी ज्यांना रांगेतून बाजूला उभं करतात, ती मुलं स्वतःचे बूट स्वतः विकत घेत नाहीत. शिक्षकांनाही हे कळतं. वरून नियम आला की त्यांचेही हात बांधलेले असतात, त्यांना मी दोष देणार नाही.

गणवेश नसणं किती महागात पडतं, हे केनियात मोजून पाहिलेलं आहे. तिथे २००३ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द झाली, तरी गणवेश पालकांनाच घ्यावा लागत होता. एस्थर डुफ्लो, पास्कलीन ड्युपा आणि मायकेल क्रेमर या अर्थतज्ज्ञांनी पश्चिम केनियातल्या ३२८ शाळांमध्ये एक प्रयोग केला. काही शाळांतल्या सहावीच्या मुलामुलींना गणवेश फुकट दिले आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. जिथे काहीच दिलं नव्हतं तिथे तीन वर्षांत सुमारे १९ टक्के मुलींनी शाळा सोडली. जिथे गणवेश दिले तिथे ते प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास राहिलं. कोवळ्या वयात गरोदर राहणाऱ्या मुलीही तिथे कमी निघाल्या. डुफ्लो आणि क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जींबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शंभरातल्या तीन मुली म्हणजे आकडा लहान दिसतो, पण माझ्या लेकीच्या वर्गातल्या तीन मुलींचे चेहरे मी डोळ्यांसमोर आणले आणि मला तो लहान वाटेना.

इंग्लंडनं २०२१ मध्ये यासाठी चक्क कायदा केला. त्याखालच्या नियमांत शाळांना सांगितलं आहे की चिन्हाचे कपडे कमीत कमी ठेवा, एकाच दुकानदाराला कायमचं बांधून घेऊ नका, वापरलेले गणवेश पालकांना मिळतील अशी सोय करा. यातल्या एकाही गोष्टीला शाळेला पदरचा पैसा लागत नाही.

वापरलेल्या कपड्यांचं मी आमच्या वर्गाच्या सभेत मांडलं होतं. शाळेत एक कपाट ठेवू या, लहान झालेले कपडे धुऊन इस्त्री करून त्यात ठेवायचे, ज्याला लागेल त्यानं न विचारता न्यायचे. यादी नको, नाव नको, 'गरजू' हा शब्द तर अजिबात नको. सगळे गप्प बसले. सभा संपल्यावर जिन्यात तिघी जणींनी मला वेगवेगळं गाठून सांगितलं, "बरं झालं बोललात." त्या सभेत का बोलल्या नाहीत हे मला समजतं. परवडत नाही हे चारचौघांत म्हणायला फार जड जातं, मलाही गेलं. पण चौकडीच दर दोन-तीन वर्षांनी बदलणार असेल तर ते कपाट तरी कशाला, आतलं सगळं चिंध्यांतच जाणार.

आज मी शाळेला पत्र लिहिलं आहे. तीनच गोष्टी मागितल्या आहेत. जुनी चौकडी आणखी दोन वर्षं चालू द्यावी. बिल्ला सुटा विकावा, शर्ट ज्याला जिथे परवडेल तिथे तो घेईल. आणि गणवेशावरचा शेरा मुलांच्या डायरीत न लिहिता पालकांना फोन करून सांगावा. खाली सह्यांसाठी जागा सोडली आहे. जिन्यातल्या त्या तिघींना पत्र पाठवलं, दोघींच्या सह्या आल्या. तिसरीचा निरोप आला, नवऱ्याला विचारून सांगते.

स्कर्ट अजून तसाच पडला आहे, दुमड सुटलेला. नव्या वर्षाला पंधरा दिवस आहेत. शाळेचं उत्तर येईपर्यंत मी नवा घेणार नाही.