लांबच्या ट्रेकबद्दल एक खडूस मत

परदेशात मोठा ट्रेक केला की माणूस आतून बदलतो, असं हल्ली साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत कुणीही सांगतं. बदलतो, मान्य. पण त्याचं श्रेय सगळे शिखराला, खिंडीला आणि झेंडा धरून काढलेल्या फोटोला देतात, ते मला पटत नाही. नेपाळमधलं अन्नपूर्णा सर्किट, म्हणजे अन्नपूर्णा पर्वतरांगेला वळसा घालणारा लांबचा ट्रेक, करून आल्यापासून तर अजिबातच नाही.

माझ्या मते खरं काम करतो तो लागलेला वेळ. बंजी जंपिंगमध्ये भीती पाच मिनिटांत संपते, सांगायला किस्सा मिळतो आणि सोमवारी आपण होतो तसेच कामावर हजर. पण रोज पहाटे कुडकुडत बॅग भरायची, चालायचं, डाळभात खायचा, अंघोळीचा विषय काढायचा नाही, आणि कंटाळा आला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे आठवडे गेले की स्वतःबद्दलच्या समजुती एकेक करून गळायला लागतात.

सातारकरांची पहिली समजूत म्हणजे आपण डोंगरातले! रोजचा अजिंक्यतारा, यवतेश्वर घाटातली हिल मॅरेथॉन, भिंतीवर मेडलं. आता हिशोब बघा. आपलं महाबळेश्वर साधारण १३५० मीटर. सर्किटवरचं मनांग गाव ३५४० आणि थोरोंग ला ही खिंड ५४१६, म्हणजे महाबळेश्वरच्या चौपट. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, त्यामुळे दर श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. आणि विरळ हवेचा त्रास मेडलं बघून होत नाही. शरीर आपल्या वेळेनेच जुळवून घेतं. म्हणूनच ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम करायचा, असा नियम आहे. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र आहे. सीझनमध्ये तिथले डॉक्टर ट्रेकर्सना रोज हेच समजावून सांगतात: डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही, त्रास वाढला तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

आमच्या ग्रुपमधला सगळ्यात दमदार पळणारा पोरगा मनांगच्या पुढे डोकं धरून बसला आणि परत फिरला. दर दहा पावलांवर थांबणारे, पेन्शनीतले एक काका खिंड पार करून पलीकडच्या मुक्तिनाथ मंदिराच्या एकशे आठ धारांखाली ओले होऊन आले. तो पोरगा हल्ली यवतेश्वर घाटात सगळ्यात मागच्या लोकांबरोबर पळतो. कारण विचारलं तर हसतो नुसता.

माझं म्हणाल तर मी बँकेत अधिकारी आहे, लोक माझ्या टेबलासमोर फाईल घेऊन उभे राहतात. खिंडीच्या दिवशी पहाटे बोटं इतकी बधिर झाली होती की जॅकेटची चेन लागेना. डोक्याला नाम्लोचा पट्टा लावून आमचं ओझं वाहणारा, माझ्या मुलापेक्षा लहान पोरगा आला, "दिदी, थांबा" म्हणाला आणि चेन लावून, हातमोजे चढवून गेला. तेव्हापासून फॉर्म भरता न येणाऱ्या आजोबांवर आवाज चढत नाही माझा. अर्थात मार्च एंड अजून यायचाय.

सासूबाई विचारतात, यासाठी परदेश कशाला? प्रश्न रास्त आहे. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी आपल्याच जिल्ह्यातून जाते, आणि वारी करून आलेल्या बायका माझ्याहून जास्त बदललेल्या मी पाहिल्यात. फक्त माझी अडचण अशी की वारीत ओळखीचं कुणीतरी भेटतंच आणि विचारतं, "मॅडम, आमच्या लोनचं काय झालं?" मनांगमध्ये मला मॅडम म्हणणारं कुणी नव्हतं.

राग येतो तो हाच ट्रेक आठवड्यात कोंबणाऱ्या पॅकेजांचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद वादळाच्या शेपटामुळे थोरोंग ला परिसरात बर्फाचं वादळ झालं, चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यात गाईड आणि पोर्टरही होते. एवढं होऊनही लोक परतीच्या विमानाकडे बघून चालतात, आभाळाकडे बघत नाहीत.

तर पुढच्या ऑक्टोबरला जाणाऱ्यांनी मला खुशाल मेसेज करा. विमा काढताना साडेपाच हजार मीटरपर्यंतची हेलिकॉप्टर सुटका त्यात येते का ते वाचा, दोन दिवस हाताशी जादा ठेवा आणि पोर्टरच्या पाठीवर किती किलो लादणार हे एजन्सीला आधीच विचारा. सामान, बूट, खर्च, सगळं सांगेन. फक्त "सात दिवसांत बसेल का हो?" असं विचारणाऱ्यांना उत्तर मिळणार नाही.