बाल्ड सायप्रस अंगणात लावावा का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेत चार आक्षेप आहेत आणि चारही मुद्द्याचे आहेत, म्हणून वेगळी पोस्ट लिहून उत्तर देत आहे. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बाल्ड सायप्रस हे दलदलीतलं झाड, त्यामुळे टेक्सासच्या पाणीटंचाईत ते अंगणात लावायला सांगणं चुकीचं आहे, हा पहिला आक्षेप. डॅलसजवळच्या प्लेनोत तुमच्या गल्लीत दोन झाडं आहेत, एक कायम पिवळं आणि दुसरं ऑगस्टमध्ये तांबूस होऊन ‘मेलेलं’, हा त्याचा पुरावा म्हणून तुम्ही दिलात. मुळांतून वर येणारे ‘गुडघे’ श्वसनासाठी असतात हे सगळ्यांना ठाऊक असताना माझ्या आधीच्या पोस्टमध्ये ‘याबद्दल एकमत नाही’ असं का लिहिलं, हा तिसरा. आणि लुइझियानातलं तोडलेलं सायप्रसचं जंगल आपोआप परत येतं, बिया पाण्यात पडतातच, तेव्हा तोडीबद्दल एवढी काळजी कशाला, हा चौथा.

पहिल्या आक्षेपाच्या मुळाशी एक समज आहे: झाड जिथे सापडतं तेच त्याला आवडतं. बाल्ड सायप्रसच्या बाबतीत हे खरं नाही. त्याची सगळ्यात जोमदार वाढ होते ती खोल, ओलसर पण पाण्याचा निचरा होणाऱ्या पोयट्याच्या जमिनीत. अशा जमिनीवर तो रानात फारसा दिसत नाही, कारण तिथे ओक, स्वीटगम यांसारखी झाडं लवकर वाढून त्याच्या रोपांवर सावली धरतात. पाणी महिनोन्‌महिने साचलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, या स्पर्धकांची मुळं गुदमरतात आणि सायप्रस तेवढा टिकून राहतो. दलदल ही त्याची गरज नाही. इतरांना न झेपणारी जागा त्याला झेपते, एवढंच.

याचा पक्का पुरावा त्याच्या बीमध्ये आहे. बी पाण्याखाली रुजतच नाही. ते पाण्यावर तरंगत जातं, पाण्यात अनेक महिने जिवंत राहतं, पण कोंब फुटायला पाणी ओसरून ओला चिखल उघडा पडावा लागतो. कोवळं रोप वाढीच्या दिवसांत काही आठवडे पूर्ण बुडालं तर मरतं. पुढचा पूर येण्याआधी त्याचा शेंडा पाण्याच्या वर पोचायला हवा. म्हणजे दलदलीतल्या झाडालाही आयुष्याच्या सुरुवातीला उघडी जमीन मिळावीच लागते. तुमच्या चौथ्या आक्षेपाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पाणी लागत नाही असा याचा अर्थ मुळीच नाही. या झाडाच्या खोडातली वर्षवलयं पावसाच्या कमी-जास्तीची इतकी नेमकी नोंद ठेवतात की आर्कान्सा विद्यापीठाचे डेव्हिड स्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली त्यांवरून व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरचे जुने दुष्काळ शोधून काढले. तिथली जेम्सटाउन ही इंग्रजांची वसाहत 1607 साली वसली, तेव्हा 1606 ते 1612 हा गेल्या पावणेआठशे वर्षांतला सर्वात कोरडा सात वर्षांचा काळ चालू होता. त्या वर्षांची वलयं अरुंद आहेत, पण झाडं जगली. दुष्काळात बाल्ड सायप्रसची वाढ खुंटते, जीव सहसा जात नाही. अंगणासाठी हाच फरक महत्त्वाचा.

आता व्यवहाराचं. नव्या रोपाला पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. खोडाच्या प्रत्येक 2.5 सेंटिमीटर जाडीमागे एका वेळी साधारण 40 लिटर, पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा. पाणी आळ्यात सावकाश मुरू द्यायचं. हिरवळीचा स्प्रिंकलर रोज दहा मिनिटं चालवून हे काम होत नाही, कारण त्याने वरची 5–7 सेंटिमीटर माती भिजते आणि मुळंही तिथेच घुटमळतात. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दोन-तीन पट रुंद, पण गड्ड्याइतकाच खोल. चिकण जमिनीत बुंध्याचा फुगवटा आजूबाजूच्या मातीपेक्षा 2–3 सेंटिमीटर वर राहिला तर उत्तम. कुंडीत गोल फिरलेली मुळं लावताना उभी चिरून मोकळी करायची. ती तशीच राहिली तर काही वर्षांनी खोडालाच आवळतात आणि मग उपाय उरत नाही. वर 7–10 सेंटिमीटर आच्छादन, खोडापासून वीतभर लांब. टेक्सासमध्ये लागवडीचा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात लावलेलं रोप वाचवायला बरंच जास्त पाणी लागतं. जिथे अर्ध्या फुटावर चुनखडीचा थर लागतो आणि पुढे पाणी घालायची सोय नाही, तिथे मात्र हे झाड लावू नये. तेवढ्यापुरता तुमचा आक्षेप पूर्ण बरोबर आहे.

ऑगस्टमध्ये तांबूस झालेलं झाड तोडायला दिलं नसेल तर कृपया थांबा. बाल्ड सायप्रस सूचिपर्णी असूनही पानझडी आहे. एकेक पान गळत नाही, पानांसकट अख्खी बारीक डहाळी गळते. कडक उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की हीच पानगळ ऑक्टोबर-नोव्हेंबरऐवजी ऑगस्टमध्ये सुरू होते. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवट, ओलसर थर असेल आणि फांदी न तुटता वाकत असेल तर झाड जिवंत आहे आणि वसंतात फुटेल. तोपर्यंत आळ्यात दोन आठवड्यांतून एकदा खोल पाणी द्या. खत अजिबात नको, त्याने कोवळी फूट निघते आणि ती उन्हात करपते.

तांबूसपणा आतल्या, खालच्या फांद्यांपासून सुरू झाला असेल आणि पानांवर बारीक फिकट ठिपके असतील तर लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) तपासा. पांढऱ्या कागदावर फांदी झटकायची. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले की कोळी आहे. झाड लहान असेल तर पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने आठवड्यातून दोनदा मारला तरी बराच आटोक्यात येतो. सरसकट कीटकनाशक फवारलं तर कोळी खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि प्रादुर्भाव वाढतो.

पिवळ्या झाडाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो पाण्याचा नाही. तुमच्या भागातली जमीन काळी, चिकण, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. आपल्याकडच्या काळ्या कापसाच्या जमिनीच्या वर्गातलीच. तिच्यात चुना भरपूर, सामू (पीएच) 8 च्या आसपास. अशा मातीत लोह असतं, पण विरघळलेल्या रूपात नसतं, त्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. चुनखडीच्या रानात लोह कमी पडून उसावर जो केवडा दिसतो, तोच हा प्रकार: कोवळी पानं आधी पिवळी, जुनी त्या मानाने हिरवी. दलदलीत हे होत नाही, कारण तिथला चिखल बहुधा आम्ल असतो आणि ऑक्सिजनविना लोह विरघळणाऱ्या रूपात राहतं. गंमत नाही, खरंच सांगत आहे: पिवळ्या झाडाला ‘दलदलीचं झाड आहे’ म्हणून जास्त पाणी दिलं तर ते आणखी पिवळं पडतं. चुनखडीच्या मातीत सतत ओल राहिली की बायकार्बोनेट वाढतं आणि लोह उचलणं अजून अवघड होतं.

हिराकस (फेरस सल्फेट) टाकून या मातीत फारसा उपयोग नाही; काही दिवसांत ते न विरघळणाऱ्या रूपात जातं. ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोहही (विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह) एवढ्या सामूला टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचं घ्या, पाकिटावरच्या मात्रेत, कळ्या फुटायच्या सुमारास, आच्छादन बाजूला सारून ओल्या मातीत मिसळा आणि वरून पाणी द्या. ते उन्हात खराब होतं, म्हणून मातीवर उघडं टाकायचं नाही. फरक दिसायला काही आठवडे लागतात आणि दरवर्षी पुन्हा द्यावं लागतं. गंधक टाकून सामू उतरवण्याचा सल्ला बरेच जण देतात. मोकळा चुना एवढा असताना गंधकाची आम्लता चुनाच गिळून टाकतो, पैसे मात्र जातात.

गुडघ्यांबद्दल. कोकणातल्या खाडीकाठच्या तिवराची चिखलातून वर आलेली मुळं आपल्याला माहीत आहेत आणि ती हवा घेण्यासाठीच असतात. त्यांच्या सालीवर हवेची रंध्रं आणि आत हवेच्या पोकळ्यांचं जाळं असतं. बाल्ड सायप्रसच्या गुडघ्यांत हे दोन्ही नाही, आत घट्ट लाकूड आहे. शिवाय कायम खोल पाण्यात उभ्या असलेल्या झाडांना गुडघे फारसे येतच नाहीत, जिथे पातळी वरखाली होते तिथेच भरपूर येतात. 1952 साली क्रेमर आणि सहकाऱ्यांनी गुडघे ऑक्सिजन घेतात हे मोजलं, पण तो खाली मुळांना पोचतो असा पुरावा त्यांना मिळाला नाही. गुडघे कापलेली झाडंही बिनघोर वाढतात. उलट, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनी मुळांना हवा मिळत असल्याच्या बाजूने पुरावा दिला. आधार देणं, पिष्ट साठवणं ही कारणंही सुचवली गेली आहेत. इतकं सगळं समोर असताना ‘श्वसनासाठी’ असं एका शब्दात लिहिणं योग्य वाटत नाही.

अंगणात गुडघे त्रास देतात हे खरं. कोरड्या जागी ते कमी येतात, पण ओल्या, चिकण, रोज स्प्रिंकलर चालणाऱ्या हिरवळीत येतात. गवत कापायचं यंत्र त्यांच्यावरून नेऊ नका. जमीन उकरून पृष्ठभागाच्या 3–5 सेंटिमीटर खाली गुडघा करवतीने कापा; जवळून पुन्हा येऊ शकतो, तेव्हा परत कापावा लागेल. फांद्यांच्या घेराखालचं गवत काढून तिथे आच्छादन केलं तर हा त्रास बराच कमी होतो. घर, फरशी आणि सांडपाण्याच्या नळापासून किमान 6–7 मीटर अंतर सुरुवातीलाच ठेवा.

चौथ्या आक्षेपावर थोडं थांबायला हवं. साधारण 1890 ते 1925 या काळात लुइझियानातली जवळजवळ सगळी जुनी बाल्ड सायप्रसची जंगलं तोडली गेली. ताजा ओंडका पाण्यात बुडतो, म्हणून आधी खोडाभोवती साल आणि बाहेरचं लाकूड कापून झाड उभं वाळवायचे, मग तोडून तरंगवत न्यायचे. ओंडके ओढायला खणलेले कालवे आजही हवाई छायाचित्रांत चक्राच्या आऱ्यांसारखे दिसतात. जिथे पुढे योग्य वेळी पाणी उतरलं, तिथे दुसऱ्या पिढीचं रान उभं राहिलं, हे तुमचं म्हणणं मान्य.

पण आजची दलदल तेव्हाची नाही. मिसिसिपी नदीला बांध घातल्यापासून पुराबरोबर येणारा नवा गाळ थांबला, जमीन खचत चालली आणि बऱ्याच ठिकाणी पाणी वर्षभर उतरतच नाही. बी पडतं, तरंगतं, कुजतं. तरुण खुंटाला फूट येते, पण जुन्या मोठ्या खुंटाची फूट क्वचितच टिकते. समुद्राचं पाणी आत शिरलं तर अडचण आणखी वाढते: हजारी 2 भाग क्षारतेपर्यंत मोठं झाड तग धरतं, त्यापुढे ते झिजत जातं. न्यू ऑर्लिन्सजवळ मिसिसिपी रिव्हर–गल्फ आउटलेट हा जहाजांचा कालवा 1960 च्या दशकात पूर्ण झाल्यावर खारं पाणी आत आलं आणि बायू बिएन्व्हेन्यू या संथ ओढ्याच्या परिसरातलं सायप्रसचं रान मेलं. कालवा 2009 साली बंद केला. खुंट अजून पाण्यात उभे आहेत.

2005 साली लुइझियानाच्या गव्हर्नरांना सादर झालेल्या शास्त्रज्ञांच्या अहवालात म्हणूनच किनारी जंगलांचे तीन वर्ग केले: आपोआप परत येणारी, फक्त लागवडीने येऊ शकणारी आणि लागवडीनेही न येणारी. दुसऱ्या वर्गाची मर्यादा लागवडीच्या वेळी सुमारे दोन फूट पाणी. अशा ठिकाणी मीटरभर उंचीची रोपं घेऊन, मुळं छाटून, हातानेच चिखलात खोचतात आणि प्रत्येकाभोवती प्लॅस्टिकची नळी बसवतात. नळी नसेल तर न्यूट्रिया हा दक्षिण अमेरिकेतून फरसाठी आणलेला उंदीर-घुशीच्या वर्गातला मोठा प्राणी रोपं मुळासकट उपटून खातो. एवढं करावं लागणाऱ्या रानाला ‘आपोआप येतं’ म्हणता येत नाही. तिसऱ्या वर्गातलं झाड तोडलं तर तिथे पुन्हा झाड नाही, उघडं पाणी.

नॉर्थ कॅरोलिनात ब्लॅक रिव्हरवरचं एक बाल्ड सायप्रस 2018 साली किमान 2,624 वर्षांचं होतं. तिथली म्हातारी झाडं वाचली त्याचं एक कारण असं की ती पोकळ, वेडीवाकडी होती, लाकूडतोड्यांना त्यांच्यात रस नव्हता. ‘परत येतं’ म्हणताना किती काळात, हे विचारायलाच हवं.

शेवटी तुम्ही विचारलंत की मग रोप कुठलं घ्यावं. तुमच्या जमिनीसाठी बियाण्याचा उगम सर्वात महत्त्वाचा. लुइझियाना-फ्लोरिडाच्या आम्ल दलदलीतल्या बियांची रोपं डॅलसकडे पिवळी पडतात. ग्वाडालुपे, फ्रिओ, मेडिना या मध्य टेक्सासच्या हिल कंट्री भागातल्या चुनखडीच्या नद्यांकाठच्या झाडांची रोपं त्या मानाने हिरवी राहतात. रोपवाटिकेत हे विचारा, सांगता आलं नाही तर दुसरीकडे जा. दुसरा पर्याय मेक्सिकोचा मॉन्टेझुमा सायप्रस: चुना बरा सोसतो, गुडघे क्वचितच येतात, पान उशिरा गळतं, पण कडक थंडीत शेंडे मार खातात. घेताना पानांची मांडणीही पाहा. बारीक पानं डहाळीवर एकाआड एक असतील तर बाल्ड सायप्रस. समोरासमोर जोडीने असतील तर ते चीनमधलं डॉन रेडवूड आहे, दिसायला अगदी सारखं, आणि तुमच्या उन्हाळ्यात त्याला खरोखरच खूप पाणी लागेल.