साइड रोलला नावं ठेवणाऱ्यांसाठी

सकाळी ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकला. 'दुसऱ्यांच्या सिनेमात साइड रोल करत जगू नका, स्वतःच्या आयुष्याचे हिरो व्हा.' खाली अंगठ्यांची रांग. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

हॉलिवूडचा नट एम. एमेट वॉल्श. नाव ठाऊक नसेल, चेहरा असेल. 'ब्लेड रनर'मध्ये हॅरिसन फोर्डला पुन्हा कामाला जुंपणारा पोलीस कॅप्टन, तो हा. १९६९ पासून २०२४ मध्ये जाईपर्यंत दीडशेच्या वर सिनेमे-मालिका. लहानपणी कानाचं ऑपरेशन झालं, डाव्या कानानं ऐकूच येत नव्हतं. अंगानं थोराड, चेहरा पोस्टरवर लावण्याजोगा नाही. मग? वाया गेला का माणूस?

माझ्या बाबांना इंग्रजी जेमतेम कळतं. मी 'ब्लड सिंपल' लावला होता, ते शेजारी पेपर वाचत होते. वॉल्श पडद्यावर आला तसा पेपर खाली आला. "हा माणूस बरा नाही गं." अजून त्यानं काही केलंही नव्हतं! फिकट पिवळा सूट, घामट चेहरा आणि ते लाडीगोडीचं हसणं, बस्स. पुढे नायिका फ्रान्सिस मॅकडॉर्मंड खिडकीच्या चौकटीवर त्याच्या हातात सुरा खुपसते, आणि तो हात सोडवायला मधल्या भिंतीत गोळ्या झाडतो, तेव्हा बाबा चक्क उभे राहिले. एक शब्द न कळता.

'ब्लड सिंपल' हा दिग्दर्शक कोएन बंधूंचा पहिला सिनेमा, १९८४ चा. 'स्ट्रेट टाइम'मधला वॉल्शचा पॅरोल ऑफिसर बघून त्यांनी हा पिवळ्या सूटमधला खाजगी डिटेक्टिव्ह त्याच्यासाठीच लिहिला. आणि १९८६ मध्ये स्वतंत्र सिनेमांसाठीचे इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले, तेव्हा प्रमुख भूमिकेतला सर्वोत्कृष्ट अभिनेता कोण ठरला? हाच, 'ब्लड सिंपल'साठी. रॉजर एबर्टसारख्या समीक्षकानं तर नियमच करून टाकला, की वॉल्श किंवा त्याच्यासारखाच साइड रोलवाला हॅरी डीन स्टँटन सहायक भूमिकेत असेल तो सिनेमा अगदीच टाकाऊ असू शकत नाही. अपवाद निघाले, एबर्टनंच ते कबूल केले, ठीक आहे. तिकिटं हिरोच्या नावावर खपतात, तेही मान्य. पण हिरोचा जीव धोक्यात आहे हे आपल्याला पटवून कोण देतं? बाबांना खुर्चीतून हिरोनं नव्हतं उठवलं.

२०१९ च्या 'नाइव्हज आउट'मध्ये तो म्हातारा सुरक्षारक्षक आहे, जुनी व्हिडिओ कॅसेट लावून दाखवणारा. इनमिन दोन-चार मिनिटांचं काम, वय ऐंशीच्या पुढे. आणि तरी किती मन लावून केलंय! बाबा बघता बघता म्हणाले, "अगं, हा आपला पिवळा सूटवाला!" इतक्या वर्षांनी. मला एकदम भरून आलं. त्या सिनेमात एकाहून एक मोठी नावं आहेत, बाबांनी ओळखला तो हा एकटा.

असं काम आयुष्यभर करणाऱ्याला कुणी कमी लेखलं की माझा संताप होतो, आणि होणारच. 'ब्लड सिंपल' मिळाला तर जरूर बघा. शेवटची पंधरा मिनिटं फोन लांब ठेवा.