वर्तुळ पूर्ण होते, रूळ मागे राहतात

अटलांटात राहणारे आम्ही पुणेकर गेली काही वर्षे पुण्यातल्या नातेवाइकांना बेल्टलाइनची छायाचित्रे आवर्जून पाठवतो. जुन्या रेल्वेमार्गावर केलेला रुंद काँक्रीटचा रस्ता, त्यावर सायकली, बाबागाड्या आणि धावणारी माणसे, दोन्ही बाजूंना झाडी, आणि मोटारीचे नावही नाही. सोबत प्रश्न ठरलेला असतो, की आपल्याकडे हे का होत नाही? माझ्या मते त्या छायाचित्रांत बेल्टलाइनची अर्धीच गोष्ट असते, आणि पुण्याच्या उपयोगाची आहे ती उरलेली अर्धी.

अमेरिकी यादवी युद्धानंतरच्या दशकांत, शहराच्या मध्यभागी होणारी मालगाड्यांची कोंडी टाळण्यासाठी वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांनी अटलांटाला वळसा घालणारे मार्ग बांधले. त्यांच्या कडेने गोदामे आणि कारखाने उभे राहिले. सीअर्स या किरकोळ विक्री कंपनीची 1926 सालची अवाढव्य इमारत त्यांपैकीच एक असून तिथे आज पाँस सिटी मार्केट हे दुकाने-कचेऱ्यांचे संकुल आहे. पुढे माल ट्रकने जाऊ लागला, उद्योग महामार्गांकडे सरकले, आणि या पट्ट्यांचे मोठे भाग ओस पडले. 1999 साली जॉर्जिया टेक या विद्यापीठातील रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंधात असे सुचवले, की हे तुकडे जोडून सुमारे 22 मैलांचे, म्हणजे 35 किलोमीटरचे वर्तुळ करावे आणि त्यावर लोकांसाठी हलकी रेल्वे, म्हणजे ट्रामसारखी गाडी, चालवावी. छायाचित्रे पाहणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसते. मूळ कल्पनेच्या केंद्रस्थानी रेल्वे होती, आणि पायवाट, उद्याने व घरे तिच्याभोवती गुंफली गेली.

पैसा उभा करण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. 2005 साली या पट्ट्यालगतचा भाग विशेष करक्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथल्या मालमत्तांच्या किमती वाढल्यामुळे जो जादा कर मिळेल तो पंचवीस वर्षे याच प्रकल्पावर खर्च करायचा, असे ठरले. याचाच दुसरा अर्थ असा, की जमिनी महागल्या तरच प्रकल्प पुढे सरकणार होता. काँक्रीटची वाट रुळांच्या मानाने स्वस्त आणि लवकर होणारी, म्हणून ती आधी आली. पूर्वेकडचा पहिला मोठा टप्पा 2012 साली खुला झाला. वाट मुद्दाम एका कडेला ठेवून शेजारी रुळांसाठी जागा राखली गेली. रेल्वेचा चढ सौम्य असतो आणि मोठे रस्ते ती पुलांवरून किंवा पुलांखालून ओलांडते, त्यामुळे सायकल चालवायला ही वाट विलक्षण सुखाची आहे. ती लोकप्रिय झाली यात नवल नाही.

लोकप्रियतेचे दोन परिणाम झाले. पहिला अपेक्षित होता. लगतच्या जुन्या, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्त्यांतील भाडी वाढली. 2030पर्यंत 5,600 परवडणारी घरे देण्याचे उद्दिष्ट होते, पण त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही या कारणाने खुद्द ग्रॅव्हेल यांनी 2016 साली प्रकल्पाच्या सहयोगी संस्थेच्या संचालकपदाचा राजीनामा दिला. दुसरा परिणाम मला अधिक बोलका वाटतो. वाट पाहून तिच्या काठी घर घेणाऱ्यांना आता राखीव जागेतली हिरवळ हेच मुळी बेल्टलाइनचे रूप वाटते. त्याच 2016 साली मतदारांनी सार्वजनिक वाहतुकीसाठी अर्धा टक्का जादा विक्रीकर मोठ्या बहुमताने मान्य केला होता. तरीही पूर्व पट्ट्यावर ट्राम आणण्याची वेळ आली तेव्हा झाडी जाईल, खर्च फार आहे, शहरातल्या छोट्या ट्रामला आत्ताच प्रवासी कमी आहेत, अशा हरकती आल्या. 2025च्या मार्चमध्ये महापौर आंद्रे डिकन्स यांच्या प्रशासनाने ट्रामच्या या पूर्व विस्ताराला असलेला पाठिंबा काढून घेतला आणि आधी दक्षिणेकडे पाहू, असे सांगितले. हरकती घेणारे लोक स्वार्थी आहेत असे मी म्हणणार नाही. तेरा वर्षे जे डोळ्यांसमोर आहे त्यालाच माणूस अंतिम मानतो.

आता पुण्याकडे येऊ. योगायोग असा, की पुण्याच्या 1987च्या विकास आराखड्यातही साधारण एवढ्याच लांबीचे, सुमारे 36 किलोमीटरचे एक वर्तुळ आहे. उच्च क्षमता द्रुतगती मार्ग, म्हणजे वर्तमानपत्रांतला एचसीएमटीआर (हाय कपॅसिटी मास ट्रान्झिट रूट). तिथे जुने रूळ नाहीत, केवळ नकाशावरचे आरक्षण आहे. पण आरक्षण होते ते सार्वजनिक वाहतुकीसाठी. 2019मध्ये निविदा निघाल्या तोवर त्याचा सहापदरी उन्नत रस्ता झाला होता, त्यातले दोनच पदर बससाठी. निविदा अंदाजापेक्षा फारच चढ्या आल्या, एरंडवणे आणि लॉ कॉलेज रस्ता परिसरातील नागरिकांनी कडाडून विरोध केला, आणि प्रकरण बारगळले. तो विरोध मला योग्यच वाटला होता. तेव्हापासून कधी निओ मेट्रोचे, म्हणजे रबरी चाकांच्या हलक्या मेट्रोचे, नाव निघते, तर कधी मिळेल त्या जागेत निदान सायकल मार्ग तरी करा, असे सुचवले जाते.

ही शेवटची सूचना माझ्यासारख्या सायकलवाल्याला मोह घालणारी आहे, आणि तिच्याच बाबतीत मी सावध आहे. नुसता सायकल मार्ग केला तर पुण्यात दोनांपैकी एक घडेल. जुन्या सायकल मार्गांप्रमाणे त्यावर दुचाक्या उभ्या राहतील. किंवा तो खरोखरच सुंदर होईल, काठच्या सदनिकांच्या जाहिरातींत झळकेल, आणि दहा वर्षांनी बस आणायचा विषय निघताच तिथले रहिवासी, अटलांटाच्याच शब्दांत, झाडांची काळजी करू लागतील. उलट बाजूही पुणेकरांनी पाहिली आहे. नगर रस्त्यावरची बीआरटी, म्हणजे बससाठी राखलेली मार्गिका, मोटारींना जागा हवी म्हणून काढण्यात आली. तिथे बस धावत होती, तरी ती टिकली नाही. म्हणजे बस आधी आणली की काम झाले, असेही नाही. पण निदान तिथे काय काढले जात आहे हे प्रवाशांना ठाऊक होते आणि त्याबद्दल बोलता येत होते. जी गाडी कधी आलीच नाही तिच्या बाजूने बोलायला प्रवासी कुठून आणणार?

म्हणून आरक्षणाचा जो तुकडा मोकळा होईल, तिथे सायकल मार्ग आणि बसमार्गिका एकाच कार्यादेशात असाव्यात आणि पीएमपीची बस पहिल्या दिवसापासून धावावी, मग तो तुकडा तीन किलोमीटरचा का असेना. जिथे बस देणे शक्य नाही, तिथे काँक्रीट ओतण्याची घाई करू नये. भाडेकरू आणि झोपडपट्टीतील कुटुंबे यांच्या घरांचा निर्णयही जमिनीचे भाव चढण्याआधी व्हायला हवा, कारण नंतर घेतलेल्या जमिनीचा खर्च कोणत्याही महापालिकेला पेलत नाही.

अटलांटात पायवाटेचे पूर्ण वर्तुळ 2030पर्यंत जोडले जाईल असे नियोजन आहे, आणि विशेष करक्षेत्राची मूळ मुदतही त्याच वर्षापर्यंतची ठरली होती. वाहतुकीसाठीचा तो अर्धा टक्का कर मात्र चाळीस वर्षांच्या योजनेचा आहे, आणि मी तो इथल्या प्रत्येक खरेदीवर भरतो. पूर्व पट्ट्यात रुळांसाठी राखलेल्या जागेवर सध्या गवत आहे.