मशीन चालतंय का?

कुरकुर करायला काहीच लागत नाही, तक्रारीला मात्र नंबर लागतो.

आमच्या घरात ही खाती वाटून दिलेली आहेत. कुरकुर सासूबाईंकडे (गुडघे, भाजीतलं मीठ, आणि नाशिकची थंडी आता पूर्वीची राहिली नाही), कागाळी चिरंजीव शाळेतून रोज ताजी घेऊन येतात, गाऱ्हाणं मी देवापुढे घालते कारण तिथे होल्डवर ठेवत नाहीत, आणि तक्रार हे खातं पूर्णपणे सासऱ्यांचं. अप्पा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले, आयुष्य टपाल आणि फायलींत गेलं, त्यामुळे त्यांचं स्पष्ट मत आहे की जी लेखी नाही आणि जिची पोच घेतलेली नाही ती तक्रार नव्हेच, ती नुसती बडबड. या हिशोबाने मी लग्न झाल्यापासून एकही तक्रार केलेली नाही, असं ते पाहुण्यांना कौतुकाने सांगतात.

आता वॉशिंग मशीन. ऐन आषाढात, घरभर दोऱ्या बांधलेल्या, पंख्याखाली चादरी लटकतायत, ग्रुपवर गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं आणि गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं याची लाइव्ह कॉमेंट्री चालू, आणि नेमक्या त्या आठवड्यात आमचं मशीन स्पिनला आलं की थडथडथड करत जागचं हलायला लागलं. हलायला म्हणजे थोडंसं नाही हं, ड्राय बाल्कनीतून निघून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचं, नळीने मागे खेचलं नसतं तर हॉलमध्ये येऊन सोफ्यावर बसलं असतं.

कंप्लेंट टाकली. (लोणचं टाकतात तशीच कंप्लेंटही टाकतात, आणि मग ती मुरायची वाट बघतात.) फोनवर आधी मराठीसाठी 3 दाबा, मग तक्रारीचा प्रकार निवडा: मशीन सुरू होत नाही, पाणी येत नाही, पाणी जात नाही, इतर. मशीन फिरायला जातं हा पर्याय नव्हताच म्हणून मी इतर दाबलं, आणि इतरवाल्यांना किती वेळ गाणं ऐकवतात ते ज्याने इतर दाबलंय त्यालाच माहीत. शेवटी एक मुलगा आला लाइनवर.

"मॅडम, मशीन चालतंय का?"

"चालतंय ना! तेच तर सांगतेय. चालत चालत उंबऱ्यापर्यंत येतं."

"म्हणजे मशीन चालू आहे."

"चालू आहे हो, पण चालतंय!"

तिकडे थोडा वेळ नुसतं टकटक टाइप केल्याचा आवाज. "ओके मॅडम, मशीन चालू आहे. अजून काही मदत करू शकतो?" आणि दुपारी मेसेज, मशीन चालू असल्याचे ग्राहकाने सांगितल्यामुळे आपली तक्रार बंद करण्यात आली आहे, धन्यवाद. तक्रार माझी, बंद केली त्यांनी, आणि धन्यवादही त्यांनीच मानले, मला कुणी काही विचारलंच नाही.

इकडे खालच्या मजल्यावर वेगळंच चालू होतं. खालच्या काकूंचं देवघर बरोब्बर आमच्या ड्राय बाल्कनीखाली येतं. सकाळी त्या पूजेला बसल्या की वर आमचं स्पिन सुरू, त्यांच्या म्हणण्यानुसार बाळकृष्ण ताम्हनातून उडी मारतो. दोनदा वर येऊन त्या मला गोड शब्दांत बोलून गेल्या, मग सेक्रेटरींना बोलल्या, सेक्रेटरी म्हणाले लेखी द्या. आता काकूंना अर्ज लिहायची सवय नाही, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये अर्ज म्हटलं की एकच माणूस. त्या सरळ आमच्याच घरी आल्या, माझ्याच हातचा चहा घेतला, आणि अप्पांना म्हणाल्या, अप्पा, तुमच्या सूनबाईंविरुद्ध एक अर्ज लिहून देता का.

मला वाटलं अप्पा हसून विषय मोडतील. कसलं काय, चष्मा पुसला, फुलस्केप काढला, डावीकडे समास आखला. "विषय: वरच्या मजल्यावरील धुलाई यंत्राच्या असह्य आवाजाबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून..." काकूंना नुसतं आवाज येतो एवढंच म्हणायचं होतं, पण अप्पांनी त्यात ध्वनिप्रदूषण नियम 2000 घातले, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली, रात्र म्हणजे 10 ते 6 हेही घातलं (मी मशीन सकाळी 7 ला लावते, पण ते म्हणाले माहिती असू दे), आणि शेवटी "तरी संबंधितांवर योग्य ती कारवाई व्हावी" असं लिहून खाली काकूंची सही घेतली. संबंधित म्हणजे मी. तिथेच ट्रे घेऊन उभी.

"अहो अप्पा, निदान 'असह्य' तरी काढा."

"तक्रार सौम्य लिहिली की समोरचा तिची दखल घेत नाही," ते म्हणाले आणि संध्याकाळी बसून आमच्या बाजूचा खुलासाही त्यांनीच लिहिला, तोही तितकाच कडक. त्यात काकूंच्या मिक्सरचा उल्लेख होता. सेक्रेटरींनी दोन्ही कागद वाचले आणि दोन्हीकडचं अक्षर एकच बघून दोन्हीही फायलीला लावून टाकले.

दरम्यान ओल्या चादरी पिळून आणि मशीन ढकलत जागेवर नेऊन माझी कंबर धरली. डॉक्टरांनी कागदावर "सी/ओ" असं काहीतरी लिहून पुढे कंबरदुखी लिहिलं. घरी अप्पांनी तो कागद आडवा उभा धरून वाचला आणि विचारलं, हे काय, केअर ऑफ कंबर? हा पत्ता कुणी दिला? शेवटी फोन करून विचारलं तर डॉक्टर म्हणाले, अहो ते कंप्लेनिंग ऑफ, पेशंटची तक्रार काय ते लिहायची आमची पद्धत असते. मला खरं सांगू का, बरंच वाटलं. त्या अख्ख्या आठवड्यात माझी तक्रार मी म्हटली तश्शी लिहून घेणारा हा एकमेव माणूस. पैसे घेतले त्याने, पण बंद नाही केली.

पुन्हा कंप्लेंट, पुन्हा इतर, आणि या वेळी मी चालतंय हा शब्द तोंडातून काढायचाच नाही असं ठरवून "मशीन विस्थापित होतंय" म्हटलं. टेक्निशियन यायचा ठरला. सकाळी 10 ते संध्याकाळी 6 च्या मध्ये येणार, म्हणजे तेवढा वेळ घरातून हलायचं नाही. दुपारी त्याचा फोन, मॅडम द्वारकेला अडकलोय. (द्वारका म्हणजे आमच्या नाशिकचा चौक, कृष्णाची नव्हे.) द्वारकेला अडकलोय हे कारण नाशिकमध्ये कुणीही कुणालाही देऊ शकतं आणि ऐकणाऱ्याला ते मान्य करावंच लागतं, त्यात सिंहस्थ जवळ आल्यापासून खोदकामं इतकी आहेत की न अडकलेल्या माणसाचाच संशय येतो.

तो आला, मशीन लावलं, आणि मशीन जागचं इंचभर हललं नाही. सासूबाई म्हणाल्या दृष्ट होती, उतरली. टेक्निशियन म्हणाला फरशीला उतार आहे, बिल्डरला सांगा. मी म्हटलं दादा, रिकामं मशीन कशाला नाचेल, ओल्या चादरी घाला ना आत. घातल्या. मग निघालं ते, आणि तो मुलगा एका हाताने मशीन धरून दुसऱ्या हाताने त्याचा व्हिडिओ काढत उलटा उलटा स्वयंपाकघरात आला. "मॅडम, शॉकअप गेले, म्हणजे आतला ड्रम ज्यावर टेकतो ना ते. पार्ट मागवावा लागेल. बाकी मोटर एकदम ओके, मोटरला 10 वर्षं वॉरंटी आहे." म्हणजे जे बिघडलं नाही त्याची 10 वर्षं काळजी नव्हती. जाताना म्हणाला ओटीपी सांगा. ओटीपी सांगितला की व्हिजिट पूर्ण, व्हिजिट पूर्ण की तक्रार बंद. मी हाताची घडी घालून उभी राहिले. तो बिचारा म्हणाला मॅडम मलाही संध्याकाळपर्यंत क्लोज करून दाखवायला लागतं. त्याची तक्रार तर कुठल्याच मेनूत नव्हती.

पार्टची वाट बघताना एके रात्री चिरंजीवांनी मोबाइलमधून एक गोष्ट काढली. इराकमधल्या उर नावाच्या शहरात साधारण इसवी सनापूर्वी 1750 च्या सुमाराला नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने ईआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला मातीच्या पाटीवर तक्रार लिहिली, की तू तांबं हलक्या प्रतीचं दिलंस, माझ्या माणसाला धड बोलला नाहीस, रिकाम्या हाताने परत पाठवलंस, यापुढे माल मी स्वतः निवडून घेणार. ती पाटी आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आम्ही सगळे थक्क. सासूबाई म्हणाल्या, इतक्या लांब कशाला गेला तो, आपल्या तांबट आळीत आला असता तर ठोकून वाजवून घेता आलं असतं. अप्पांनी मात्र एकच विचारलं, पोच घेतली होती का त्याने?

मी मनात म्हटलं, पोच सोडा, त्या नासिरने पाटी फेकली नाही हेच किती. आमच्या कंपनीचा असता तर संध्याकाळी पुसून कोरी केली असती.

त्या रात्री अप्पांनी सूत्रं हातात घेतली. ते जुने ग्राहक पंचायतवाले, बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ती चळवळ सुरू केली तिथपासून बोलायला लागतात, मग 24 डिसेंबर 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा, मग 2019 चा नवा. एरवी आम्ही जेवून उठतो, पण या वेळी बसून ऐकलं, आणि कामाचं निघालं सगळं: वस्तू कुठूनही घेतलेली असो, आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील लावायलाच हवा असं नाही, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत 2 वर्षं, आणि त्याआधी 1915 या हेल्पलाइनला फोन करून बघायचा. अप्पांनी 1915 ला फोन केला, कंपनीला ईमेल माझ्याकडून टाइप करून घेतला ("उपरोक्त विषयास अनुसरून" इंग्रजीत कसं लिहायचं यावर आमचं अर्धा तास भांडण), खाली आयोगाचा उल्लेख केला, मोबाइलवरच्या सगळ्या मेसेजच्या प्रिंट काढून आणल्या आणि फायलीला दोरी बांधली.

चमत्कार झाला. तोच टेक्निशियन शॉकअप घेऊन आला, अप्पांना नमस्कार केला, पैसे घेतले नाहीत, आणि मशीन गप्प. काकूंनी शिरा पाठवला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन, अप्पांनी घेतला. आमच्या सेवेला 1 ते 10 मध्ये किती गुण द्याल? अप्पांनी नीट विचार केला. काम चोख, मुलगा सभ्य, पण उशीर फार. "6," ते म्हणाले, आणि फोन ठेवून समाधानाने आम्हाला सांगितलं, फर्स्ट क्लास दिला.

तासाभरात टेक्निशियनचा रडवेला फोन. साहेब, 6 का दिले? माझी काय चूक झाली? अप्पांना कळेना. "अरे बाबा, साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास! आमच्या वेळी साठ पडले की पेढे वाटायचे." आमचे हे अंबडच्या एमआयडीसीत क्वालिटीमध्ये आहेत, त्यांनी मग समजावलं की या हिशोबात 9 आणि 10 म्हणजेच खूश, 7-8 म्हणजे ठीक, आणि 6 किंवा त्याखाली म्हणजे गिऱ्हाईक भडकलेलं. अप्पा म्हणाले हा पेपर तपासतो कोण, मला त्याच्याशी बोलायचंय.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. आपली नाराजी आमच्यापर्यंत पोहोचली आहे, आपण न कळवताही आम्ही आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, तक्रार क्रमांक अमुक अमुक, आमचा प्रतिनिधी उद्या सकाळी 10 ते संध्याकाळी 6 च्या दरम्यान येईल.

"क्रमांक सांग," अप्पा म्हणाले, आणि फुलस्केपला समास आखायला घेतला.