डाकगाडी नंतरची, नाव आधीचं

सुक्या बोंबलांच्या वासाने भरलेल्या ‘बॉम्बे डाक’वरून, म्हणजे टपालगाडीवरून बोंबलाचं ‘बॉम्बे डक’ हे इंग्रजी नाव आलं, ही नेहमी सांगितली जाणारी गोष्ट तारखांपुढे टिकत नाही. बोरीबंदर-ठाणे आगगाडी १८५३ ची. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना ‘डक्स’ म्हटल्याचा दाखला मात्र पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेल्या एल्फिन्स्टनच्या १८०३ च्या लिखाणात सापडतो. ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा १८८६ चा कोश तर सांगतो की ते टोपणनाव बहुधा या माशावरूनच पडलं. मग माशाचं नाव त्याहून जुनं ठरतं.

आता ‘डक’च का? इथे मात्र सगळे अंदाजच, डाकेची गोष्ट तेवढी रंगतदार म्हणून चालली. ‘बॉम्बे’चा भाग सरळ आहे: जबड्यात जबडा अडकवून जोडी-जोडीने वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या मांडवावर, वाळवलेला बोंबील मुंबईहून बाहेर जायचा.