काम तेच, शब्द तेवढे नवे

स्क्रम मास्टर झालात? म्हणजे सॉफ्टवेअर टीमला 'स्क्रम' ही कामाची पद्धत पाळायला लावणारे? पेढे आणा आधी. आणि घाबरू नका, कामात काहीच बदलायचं नाहीये.

रोजचा स्टँडअप, म्हणजे टीमची उभ्याउभ्या मीटिंग, पंधरा मिनिटांचा असतो म्हणतात. उभं राहून पाय दुखले की माणसं आवरतं घेतात, म्हणून ती युक्ती. तुम्ही सगळ्यांना खुर्च्या द्या आणि पाऊण तास हजेरी घ्या. 'काल तेच, आज तेच, अडचण नाही.' कुणी अडचण सांगितलीच तर 'हे ऑफलाइन घेऊ' म्हणा. हे ऑफलाइन नेमकं कुठे येतं, हे हिंजवडीत अजून कुणी विचारलेलं नाही.

मग एस्टिमेशनचे, म्हणजे काम किती मोठं याचा अंदाज बांधायचे पत्ते. 1, 2, 3, 5, 8, 13. काम जेवढं मोठं तेवढा अंदाज ढोबळ, म्हणून आकड्यांमधलं अंतर वाढत जातं. सगळ्यांनी पत्ते एकदमच उलटायचे, म्हणजे ज्युनिअर पोरगी सिनिअरचं तोंड बघून आकडा ठरवत नाही. तिने 13 टाकला आणि आर्किटेक्टसाहेबांनी 3, तर का ते दोघांना विचारायचं. तिला बहुधा जुन्या पेमेंट मॉड्यूलची भानगड ठाऊक असते. पण साडेसहाची बस चुकेल, तेव्हा तुम्ही 5 लिहून मोकळे व्हा. पुढे पत्त्यावरचा एक पॉइंट म्हणजे एक दिवस धरून एक्सेलमध्ये बेरीज मारा आणि क्लायंटला तारीख देऊन टाका. 'व्हेलॉसिटी वाढवा', म्हणजे तेवढ्याच दिवसांत जास्त पॉइंट संपवा, असा वरून फोन आला, तर कालच्या 3 ला आज 5 म्हणा. वाढली.

2001 साली अमेरिकेत युटातल्या स्नोबर्डला 17 जणांनी अजाइलचा, म्हणजे स्क्रम ज्यात मोडतं त्या कामाच्या विचाराचा, जाहीरनामा लिहिला. त्यात सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, असं एक वाक्य आहे. कागदपत्रं आपण कधीच लिहिली नाहीत, म्हणजे निम्मं अजाइल घरबसल्या झालंच की! कागदपत्रांनाही किंमत आहे, असं तिथेच खाली लिहिलंय. तेवढं स्क्रोल करू नका.

'टेक्निकल डेट' हा शब्द वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1992 मध्ये आणला. घाईत लिहिलेला कोड म्हणजे कर्ज, नीट करून लवकर फेडलं नाही तर व्याज चढतं. तुम्ही कर्जमाफीची वाट बघा. तोवर प्रोजेक्ट बदलून मिळेल.

शुक्रवारी रेट्रो, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघायची मीटिंग. फळ्यावर 'काय सुधारायचं' या रकान्यात 'टेस्ट सर्व्हर बंद पडतो' ही पिवळी चिठ्ठी दिवाळीपासून आहे. काढू नका. तिचा डिंक वाळलाय, ॲडमिनकडून सेलोटेप मागवून घ्या.